सहा महिने टीबीच्या गोळ्या, आणि मग परळ

नोव्हेंबर हा फुप्फुसाच्या कॅन्सरच्या जनजागृतीचा महिना. दरवर्षी तेच पोस्टर: जळती सिगारेट, काळं पडलेलं फुप्फुस आणि खाली 'आजच सोडा'. पोस्टर खोटं नाही. या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूरच आहे आणि आपल्या वस्त्यांत बिडी भरपूर ओढली जाते, हे आधी कबूल करू. पाचवं शील फक्त दारूपुरतं आहे असं सांगत विहाराच्या मागे बिडी पेटवणारे उपासक मीही पाहिलेत.

पण पोस्टर तिथेच थांबतं, आणि माझा आक्षेप तिथून सुरू होतो.

आमच्या वस्तीतले एक काका कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी कामगार होते. आयुष्यात बिडी ओढली नाही. खोकला हटेना म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले. त्याने एक्स-रे पाहिला, टीबी म्हणाला आणि गोळ्या सुरू केल्या. थुंकी तपासलीच नाही. चौथ्या महिन्यात वजन आणखी उतरलं, आवाज बसला, तरी उत्तर एकच: कोर्स पूर्ण करा. सहा महिन्यांनी परळला पोहोचले तेव्हा कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता.

टीबीचा डाग आणि कॅन्सरची गाठ एक्स-रेवर सारखी दिसू शकते. खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणं ही लक्षणंही दोन्हीकडे तीच. दाटीच्या वस्तीत टीबी खरोखरच जास्त, म्हणून डॉक्टरला आधी तो आठवला यात नवल नाही. पण तपासणी न करता तो अंदाज सहा महिने धरून ठेवणं ही चूक नाही, बेपर्वाई आहे. पैसेवाल्या पेशंटच्या बाबतीत ही बेपर्वाई दुसऱ्या महिन्यात सीटी स्कॅनपर्यंत पोहोचते. आपल्याकडे ती स्मशानापर्यंत जाते.

आता कामाचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला आणि 2013 मध्ये प्रदूषित हवेलाच कॅन्सरकारक ठरवलं. दगडखाणीतली सिलिका आणि अ‍ॅस्बेस्टॉस तर त्याच्याही आधीपासून त्या यादीत आहेत. देवनारला 1927 पासून मुंबईचा कचरा पडतोय. जानेवारी 2016 मध्ये तो डोंगर पेटला तेव्हा धुराने शहरभर ओरड झाली. धूर विझला तशी ओरडही विझली, आणि कचरा वेचणारे, झाडणारे, गाड्या भरणारे पुन्हा त्याच हवेत कामाला लागले. ही माणसं कोणत्या जातींची, हे तुम्हाला सांगायला नको.

काकांचा कॅन्सर कामामुळेच झाला हे मी सिद्ध करू शकत नाही. मुद्दा असा की कोणी विचारलंच नाही. केस पेपरवर तंबाखूसाठी रकाना होता. व्यवसायापुढे एकच शब्द: मजुरी. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कॅन्सर भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून मोजला जातो. पण कागदावर नुसतं 'मजुरी' असेल तर कसली धूळ, किती वर्षं, कोणता मालक, हे कुठून सिद्ध करणार?

म्हणून कार्यकर्त्यांनो, केस पेपर काढताना पेशंटबरोबर उभे राहा आणि काम नीट लिहून घ्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तिथे फुकट होते. जंतू सापडले नाहीत, किंवा गोळ्या घेऊनही उतार नाही, तर सीटी आणि बायोप्सीचा आग्रह धरा. डॉक्टर चिडेल. चिडू द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, रेशनकार्ड तयार ठेवा.

6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आम्ही एक टेबल मांडतोय. घरात कोणाचा खोकला रेंगाळत असेल तर त्याला घेऊन या. जुने एक्स-रे फेकू नका, तेही आणा.

जयभीम.