...आणि वॉट लागली!

हॉस्टेलमध्ये कोणाचा नवीन कॉम्प्युटर असेम्बल करायचा ठरला की चर्चा कशाची होते? प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, कॅबिनेटमधले लाईट लाल हवेत की निळे. एसएमपीएसचं नाव यादीत सगळ्यात शेवटी, आणि तेही 'कॅबिनेटबरोबर फ्री मिळतो ना, मग झालं' एवढ्यापुरतं. माझं स्पष्ट मत आहे की फ्री मिळणारा एसएमपीएस हा अख्ख्या मशीनमधला सगळ्यात महाग पार्ट असतो. (कॉन्व्हेंटवालीचं मराठी ज्यांना झेपणार नाही त्यांनी नुसते आकडे वाचले तरी चालतील.)

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे आपण सगळ्यांनी शाळेतच पाठ केलंय. पण लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली, काउंटरवर उभं राहिलं की आपण खोक्यावरचा मोठा आकडा वाचतो आणि पैसे काढतो. तो आकडा ३.३, ५ आणि १२ व्होल्ट अशा सगळ्या लाइनी मिळून असतो. आजच्या मशीनमधले खरे खादाड दोन, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, आणि ते दोघंही जेवतात १२ व्होल्टच्या पंगतीत. तिथे किती वाढलंय ते बघायला नको?

माझ्या रूममेटचं मशीन घ्या. आय-फाइव्ह १२४००एफ आणि आरटीएक्स ३०६०. प्रोसेसर जोरात असताना ११७ वॉटपर्यंत घेतो, कार्ड १७०. झाले २८७. मदरबोर्ड, पंखे, एसएसडी धरून सव्वातीनशेच्या घरात. तिच्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० लिहिलेलं. बाजूच्या स्टिकरवर मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत १२ व्होल्ट, १६ अँपिअर. करा गुणाकार. १९२ वॉट! शिवाय कार्डाला लागणारा आठ पिनांचा कनेक्टर त्यात नव्हताच, म्हणून दुकानदाराने दोन मोलेक्स जोडून कन्व्हर्टर दिला होता. खरी धोक्याची घंटा तीच. सिनेमा, असाइनमेंट, सगळं छान चालायचं. सिम्युलेशन लावलं की पाच मिनिटांत मशीन बंद. दुकानदार म्हणाला रॅम बदला, मग म्हणाला विंडोज नवीन टाका. यात दोन आठवडे गेले आणि प्रोजेक्टचा पहिला रिव्ह्यूसुद्धा. शेवटी चांगला सप्लाय टाकल्यावर तेच सिम्युलेशन रात्रभर चाललं. रॅम तीच, विंडोज तेच.

मग घ्यायचा किती वॉटचा? एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० सांगते. बेरीज सव्वातीनशे असताना एवढा का, तर कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतं. हे झटके इतके वाढले की इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हा नवा स्पेसिफिकेशनच काढला. पण म्हणून सीनियर सांगतात तसा 'फ्यूचरसाठी' हजार वॉटचा घेणं हीपण हौसच. त्या पैशात चांगल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० येतो, आणि ५५० चा असेल तर १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या पुढे लिहिलेले असतात. आणि हो, मोठा सप्लाय लावला म्हणून लाईट बिल वाढत नाही. मशीन मागेल तेवढंच तो भिंतीतून घेतो, अधिक स्वतःची गळती. ८० टक्के एफिशियन्सी असेल तर ३०० वॉट द्यायला ३७५ ओढणार, ९० टक्के असेल तर ३३३. '८० प्लस'चा शिक्का सांगतो तो एवढंच. आत कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर तो शहाण्यासारखा बंद पडेल का, हे त्यावर कळत नाही.

कपॅसिटरचं महत्त्व लाईट जाते तेव्हा समजतं. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ मशीन जगतं ते एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरवर. चांगला सप्लाय सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. स्वस्तातल्यात हाच कपॅसिटर छोटा बसवतात, आणि आपण शिव्या घालतो यूपीएसला.

आता थोडं रेक्टर मॅडमसाठी. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसारखे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या बॉडीला जोडलेला. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा चिमूटभर करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते आणि अनवाणी असताना हात लागला की झिणझिण्या येतात. आमच्या विंगमध्ये हे इतकं नेहमीचं झालंय की मुली चप्पल घालून कॉम्प्युटर लावतात. कितीही भारी एसएमपीएस घेतला तरी यावर त्याचा इलाज नाही, आणि उद्या आतली फेजची वायर बॉडीला टेकली तर नुसत्या झिणझिण्यांवर भागणार नाही. इलेक्ट्रिकल लॅबमधला मीटर, वायरमनकाका आणि एक रविवार, एवढं मिळालं तर प्रत्येक सॉकेट तपासता येईल. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास दिसायला हवेत. जिथे दिसणार नाहीत त्या खोल्यांचे नंबर आम्ही लिहून ऑफिसात देऊ.