“आपल्या बायकांचं एवढंच असतं” हे ठरवलं कुणी?

पीएफटी, म्हणजे ती नळीत जोरात फुंकायची टेस्ट. तिच्या रिपोर्टवर ‘अपेक्षित’ असा एक रकाना असतो. वय, उंची, स्त्री की पुरुष आणि बऱ्याच ठिकाणी वंशसुद्धा बघून मशीन सांगतं की तुमच्या फुप्फुसांनी किती हवा बाहेर टाकायला हवी. सगळी गोम या रकान्यात आहे.

उदाहरणादाखल हिशोब करा. 25 वर्षांची मुलगी 2.4 लिटर हवा फुंकते. युरोपीय कोष्टकात अपेक्षित धरा 3.2 लिटर. म्हणजे 75 टक्के. 80च्या खाली, पुढे तपासा. आता ‘भारतीय’ म्हणून अपेक्षाच 12 टक्क्यांनी कमी केली, तर तीच मुलगी 85 टक्के. नॉर्मल, घरी जा! फुप्फुस तेच, फुंकर तीच. बदललं फक्त कोष्टक.

ही वजाबाकी आली कुठून? हचिन्सनने 1846 साली लंडनमध्ये स्पायरोमीटरची मोजमापं मांडली. पुढे अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरने त्याच यंत्राच्या आधारे गुलामांची फुप्फुसं 20 टक्के कमी असल्याचं सांगितलं, आणि वर गुलामी त्यांच्या तब्येतीला चांगली असंही! वंशाची वजाबाकी सोडा, हे अमेरिकन थोरॅसिक सोसायटीला म्हणायला 2023 उजाडलं.

आणि आपण? कॉलेजच्या ‘निरोगी’ मुली मोजायच्या, शेजारच्या राज्यातल्या नाहीतर देशातल्या मुलींशी तुलना करायची, फरक दिसला की ‘वांशिक कारण’ लिहून मोकळं व्हायचं. अहो, घरात चूल होती का, लहानपणी पोटभर मिळालं का, हे कोण विचारणार? 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं जेमतेम 59 टक्के. अशा देशात सरासरी म्हणजे निरोगी, हे कसं मानायचं?

बांध्याचा फरक असतो, मान्य. धड आणि पायांचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. पण सगळंच बांध्यावर ढकलता येत नाही. लॉस एंजेलिसच्या परिसरात हवा सुधारली तशी 11 ते 15 वयाच्या मुलांची फुप्फुसं आधीच्या पिढीपेक्षा जास्त वाढली, हे 2015 साली प्रसिद्ध झालंय. वंश बदलला नव्हता, हवा बदलली होती.

मुलींची फुप्फुसं विशीच्या आसपास पूर्ण वाढतात. तोवर जे राहिलं ते राहिलं. म्हणून मागणी साधी आहे. तुलना जरूर करा, पण चूल, वजन, हिमोग्लोबिन आणि गावची हवा यांची नोंद सोबत ठेवा. आणि तुम्ही पीएफटी केली तर विचारा, “कुठलं कोष्टक लावलंय?”

पट्टी छोटी करून कुणी उंच होत नाही. धूर कमी करा. पटलं तर पुढे पाठवा.