निरोप कोणाचा, सही कोणाची?

दिवाळीत वडोदऱ्याच्या घरी गेलो होतो. आई-बाबा दोघंच राहतात, म्हणून मागे दाराशी वाय-फायचा कॅमेरा लावून दिलाय. बाबांनी सहज विचारलं, "अरे, हा कोणी बाहेरून बंद नाही ना करू शकत?" "पासवर्ड आहे ना बाबा," असं म्हणालो खरा, पण रात्री लॅपटॉप घेऊन बसलो.

एरवी आपला प्रोग्रॅम फक्त 'हा मजकूर त्या पत्त्यावर पाठव' एवढंच सांगतो. वाय-फायचं पाकीट बांधणं, त्यावर पत्ते घालणं, पोच आली नाही तर पुन्हा पाठवणं, हे सगळं ड्रायव्हर आणि कार्ड बघतात. पण लिनक्सवर काही कार्डं 'मॉनिटर मोड'मध्ये टाकता येतात. मग रूटचे अधिकार घेऊन अख्खं पाकीट आपल्याच प्रोग्रॅममधून रचता येतं, अगदी पाठवणाऱ्याच्या पत्त्यासकट. पुढे 'रेडिओटॅप' नावाची चिठ्ठी जोडतात. कोणत्या वेगाने पाठवायचं वगैरे सूचना त्यात असतात. ती कार्डापुरतीच असते, हवेत जात नाही.

आधी गंमत केली. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारतो, त्याला बीकन म्हणतात. पायथनच्या 'स्केपी'ने मी तशी पाकिटं 'बेसनाचे लाडू' या नावाने सोडली. आईच्या फोनवर वाय-फायच्या यादीत लाडू हजर! त्या नावाचा राउटर मुळात नव्हताच.

मग गंमत संपली. राउटरला एखाद्या यंत्राची जोडणी तोडायची असेल, तर तो 'डीऑथेंटिकेशन'चं पाकीट पाठवतो. १९९७ च्या मूळ ८०२.११ मानकात या निरोपावर सहीची सोयच नव्हती. पासवर्डमुळे आपला मजकूर झाकला जातो, हा निरोप नाही. मी आमच्याच राउटरच्या नावाने तो पाठवला आणि कॅमेरा गप्प झाला. पासवर्ड लागलाच नाही.

यावर उपाय २००९ मध्ये आला: ८०२.११डब्ल्यू. त्यात अशा निरोपांवर गुप्त किल्लीने सही होते, खोटा निरोप यंत्र फेकून देतं. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये तर ते सक्तीचंच आहे. मी राउटरमध्ये 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स' सक्तीचं केलं, तर जुना कॅमेरा जोडलाच जाईना. ऐच्छिक ठेवलं, तर फोन सुरक्षित, पण कॅमेरा उघडाच. शेवटी त्याला सरळ केबल ओढली.

हे प्रयोग फक्त आपल्याच राउटरवर, आपल्याच घरात करा. दुसऱ्याचं नेटवर्क मुद्दाम बंद पाडणं हा आयटी कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो.

सुट्टीत घरी जाल तेव्हा राउटरचं हे एक सेटिंग जरूर बघा. सकाळी बाबांना म्हणालो, "काल चुकीचं सांगितलं मी. बंद करता येत होता. आता या मार्गाने नाही येणार." ते केबलकडे बघत म्हणाले, "म्हणजे शेवटी वायरच ना!"