टोपणनांवांची टांकसाळ

बारशाच्या दिवशीं कानांत सांगितलेलें नांव आईबापांनीं हौसेनें दिलेलें असतें. टोपणनांव मात्र जग देतें. पहिल्यांत आशा असते, दुसऱ्यांत अनुभव असतो, निदान तसा दावा तरी असतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. एकाच घरांत तीन 'बाळ' आणि दोन 'ताई' नांदत असतां त्यांना वेगळें ओळखण्यासाठीं जें कांहीं पदरचें जोडावें लागतें, त्यांतूनच बहुतेक टोपणनांवें जन्मास येतात. आज या विषयाच्या विचारासाठीं वाचकांस मी जरा दूरच्या मैदानावर नेणार आहें. तें मैदान मोटारींच्या शर्यतींचें.

घरांतील तरुण मंडळी रविवारीं दूरचित्रवाणीपुढें बसून या शर्यती पाहतात. त्यांच्या तोंडचीं 'प्रोफेसर', 'आइसमन', 'सिंह' हीं नांवें ऐकून प्रथम मला सर्कशीची आठवण झाली. पुढें चौकशी करतां असें कळलें कीं या नांवांची एक मोठी टांकसाळच आहे. नाणें कोणीही पाडो, कधीं सोबतचे चालक, कधीं वृत्तपत्रें, कधीं प्रेक्षक. तें चलनांत आणणारा मुख्य सराफ म्हणजे शर्यतीचें धावतें वर्णन करणारा समालोचक.

या खेळांत टोपणनांवाची एवढी गरज कां पडावी, तें आधीं पाहूं. क्रिकेटच्या मैदानावर खेळाडूचा चेहरा दिसतो, चाल दिसते, टोपी काढून घाम पुसतांना तो ओळखतां येतो. मोटारीच्या शर्यतींत यांतलें कांहींच नाहीं. चालकाचें डोकें शिरस्त्राणांत, धड गाडीच्या पेटींत; वीसएक गाड्या, सरळ वाटेवर ताशीं तीनशें किलोमीटरहून अधिक वेग, आणि एकाच संघाच्या दोन गाड्यांचा रंग एकच. पाहणाऱ्याची जर ही दशा, तर ज्या काळीं घरोघर केवळ रेडिओ होता त्या काळच्या ऐकणाऱ्याची स्थिति धृतराष्ट्राहून निराळी ती काय? संजयानें ही अडचण फार पूर्वींच ओळखली होती. गीतेच्या आरंभीं तो अर्जुनाचा उल्लेख 'कपिध्वज' असा करतो. हें नांव अर्जुनाच्या गुणावरून आलेलें नाहीं. तें त्याच्या रथावरील निशाणावरून आलें आहे. धुळीनें भरलेल्या रणांगणांत योद्ध्याचें मुख दिसत नसेल, परंतु ध्वज दिसतो.

इंग्लंडांत १९८५ सालीं नेमकें हेंच घडलें. विल्यम्स संघाच्या दोन गाड्यांवर पांच आणि सहा हे आंकडे होते. दुरून फरक कळावा म्हणून नायजेल मॅन्सेलच्या गाडीवरील पांचाचा आंकडा तांबडा रंगविण्यांत आला. समालोचक मरे वॉकर यांनीं 'रेड फाइव्ह', म्हणजे 'तांबडा पांच', असा पुकारा सुरू केला, आणि सोयीसाठीं काढलेली खूण बघतां बघतां माणसाचें नांव होऊन बसली. हाच मॅन्सेल १९८९ सालीं फेरारी या इटालियन संघाकडे गेला आणि त्या संघाकडून पहिलीच शर्यत जिंकला. तेव्हां तेथील प्रेक्षकांनीं त्याला 'इल लिओने', म्हणजे सिंह, ही पदवी बहाल केली. एका देशानें त्याची गाडी पाहून नांव दिलें, दुसऱ्यानें छाती पाहून.

या वॉकर यांची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. त्यांचा जन्म १९२३ चा. वडील ग्रॅहॅम वॉकर हे स्वतः मोटारसायकलींच्या शर्यतींतले नांवाजलेले वीर आणि पुढें रेडिओवरील समालोचक; म्हणजे विद्या घराण्यांतलीच. दुसऱ्या महायुद्धांत मरे रणगाड्यांच्या पलटणींत होते. १९४९ सालीं सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीचें वर्णन त्यांनीं बी. बी. सी. वरून प्रथम केलें आणि २००१ पर्यंत तें काम चालविलें. पुष्कळ वर्षें जाहिरातीच्या धंद्यांतील नोकरी सांभाळून ते हें करीत. उत्साहाच्या भरांत त्यांची जीभ इतकी घसरे कीं लोकांनीं त्या घसरण्यांनाच त्यांच्या नांवावरून 'मरीझम' म्हणावयास सुरुवात केली. दुसऱ्यांचीं नांवें गाजविणाऱ्यालाही कोणी तरी नांव ठेवणारा भेटतोच! परंतु त्यांच्याविषयीं एक गोष्ट मला विशेष वाटते. १९९६ सालीं जपानमधील शर्यतींत डेमन हिल जगज्जेता झाला. त्याचे वडील ग्रॅहॅम हिल हे दोन वेळां जगज्जेते होऊन १९७५ सालीं विमानअपघातांत वारले होते. मुलानें शेवटची रेषा ओलांडली तेव्हां वॉकर यांनीं आपला कंठ दाटून आल्याचें श्रोत्यांना सरळ सांगितलें आणि ते क्षणभर थांबले. अखंड बोलणें हाच ज्याचा व्यवसाय, त्याला कोठें थांबावें हेंही कळत होतें.

विराटपर्वांत अर्जुन आपलीं दहा नांवें सांगतो तेव्हां राजपुत्र उत्तर त्यांतील प्रत्येकाची उपपत्ति विचारतो. तीच पृच्छा या शर्यतींतील नांवांविषयीं करावी. शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे तीन भेद आपण शिकलों आहों. ते येथें उत्तम लागू पडतात. यौगिक म्हणजे ज्याचा अर्थ त्याच्या अवयवांतूनच निघतो तें. जर्मनीचा रुडॉल्फ काराचिओला यानें १९२६ सालीं बर्लिनजवळची जर्मन ग्रांप्री मुसळधार पावसांत जिंकली, आणि त्याला 'रेगेनमाइस्टर', म्हणजे पावसाचा उस्ताद, हें नांव पडलें. येथें अर्थ शोधावा लागत नाहीं. रूढ नांवाचें उदाहरण मेक्सिकोच्या सेर्जिओ पेरेझचें. त्याला जग 'चेको' म्हणतें, पण त्यांत पराक्रम नाहीं, उपमाही नाहीं. आपल्याकडे जसें 'विनायक' चें 'विनू' होतें, तसें तिकडे 'सेर्जिओ' चें 'चेको' होतें, इतकेंच. योगरूढाचा नमुना मात्र पाहण्यासारखा आहे. चिखलांत उपजणारे पदार्थ अनेक, परंतु 'पंकज' म्हणजे कमळच. त्याप्रमाणें प्राध्यापक जगांत हजारों, परंतु शर्यतीच्या वाटेवर 'प्रोफेसर' एकच, तो फ्रान्सचा अॅलँ प्रोस्त. इतर चालक वेगाच्या धुंदींत असतां हा गृहस्थ टायर किती झिजले, इंधन किती उरलें, कितव्या फेरीला जोर लावावा, यांचें गणित मांडीत असे. त्या गणितावर त्यानें चार वेळां जगज्जेतेपद आणि एकंदर ५१ शर्यती मिळविल्या.

नांवांचा दुसरा एक भेद व्याकरणांत नाहीं, परंतु संसारांत आहे. घरच्यांनीं दिलेलें नांव आणि परक्यांनीं दिलेलें नांव यांचा पोत निराळा असतो. अर्जेंटिनाचा होसे फ्रोइलान गोन्झालेझ हा अंगापिंडानें आडवा माणूस. १९५१ सालीं सिल्व्हरस्टोन येथें त्यानें फेरारी संघाला जागतिक स्पर्धेंतील पहिला विजय मिळवून दिला. इंग्रजांनीं त्याला 'पांपासचा बैल' असें भारदस्त बिरुद दिलें. पांपास हीं अर्जेंटिनांतील विस्तीर्ण गवताळ मैदानें. स्वदेशांत मात्र तो 'काबेसोन', म्हणजे मोठ्या डोक्याचा, एवढाच राहिला. त्याच शर्यतींत दुसरा आला तो त्याचाच देशबंधु हुआन मान्वेल फँजिओ. हा पांच वेळां जगज्जेता झाला. १९५७ सालीं वयाच्या ४६ व्या वर्षीं जर्मनींतील न्यूरबर्गरिंगच्या अवघड वाटेवर मागें पडला असतां आपल्याहून कितीतरी तरुण अशा दोघां इंग्रजांना त्यानें गांठलें व मागें टाकलें. परदेशांत तो 'उस्ताद' म्हणून मानला गेला. परंतु बाल्कार्से या त्याच्या गांवीं पोरपणीं फुटबॉल खेळतांना त्याच्या वांकड्या पायांवरून जें नांव पडलें, 'एल चुएको', म्हणजे फेंगडा, तेंच त्याचे देशवासी अखेरपर्यंत घेत राहिले. जगज्जेत्याला 'फेंगड्या' म्हणून हांक मारावी आणि त्यानें ती आनंदानें घ्यावी, यांत अपमान नाहीं. त्या हांकेंत सारें गांव असतें.

परंतु व्यंगावरून वा चुकीवरून दिलेलें प्रत्येक नांव असें गोड लागत नाहीं. इंग्लंडचा जेम्स हंट आरंभीं वारंवार गाडी आपटीत असे. शर्यतवाल्यांच्या बोलींत अशा आपटण्याला 'शंट' म्हणतात. तेव्हां यमक जुळून 'हंट द शंट' हें नांव झालें. १९७६ सालीं निकी लाउडावर अवघ्या एका गुणानें मात करून तो जगज्जेता झाला, तरी यमक सुटलें नाहीं. इटलीच्या आंद्रेआ दे चेझारिसच्या आडनांवाची मोडतोड करून इंग्रजींत त्याचें 'दे क्रॅशेरिस', म्हणजे आदळणारा, असें केलें गेलें. त्यानें २०८ शर्यतींत भाग घेतला, विजय एकही मिळाला नाहीं, आणि २०१४ सालीं रोममध्यें मोटारसायकलीच्या अपघातांत तो गेला. त्याच्या चौदा वर्षांच्या कारकीर्दींतील चांगल्या शर्यती फारशा कोणाला आठवत नाहींत. ती कोटी आठवते.

यांतील शोचनीय भाग असा कीं ज्याला नांवाचा चटका बसला तोच पुढें दुसऱ्यास चटके देतांना हात आंखडीत नाहीं. हा हंट १९८० पासून वॉकर यांच्या जोडीनें समालोचक झाला. दोघांत ध्वनिक्षेपक एकच; एकानें बोलावें, दुसऱ्यानें वाट पाहावी. हंटची जाण मोठी होती आणि जीभही तिखट होती. १९७८ सालीं मोंझा येथील अपघातांत रॉनी पीटरसन जळत्या गाडींत अडकला. त्याला बाहेर ओढणाऱ्यांत हंट स्वतः होता. पीटरसन दुसऱ्या दिवशीं वारला. त्याचा दोष हंटनें रिकार्डो पात्रेसे या तरुण चालकावर ठेवला. पुढें इटालियन न्यायालयानें पात्रेसेला दोषमुक्त केलें. परंतु हंट समालोचनाच्या आसनावरून वर्षानुवर्षें तो ठपका ठेवीतच राहिला. मित्र गमावल्याचें त्याचें दुःख खरें होतें, यांत शंका नाहीं. परंतु न्यायालयाचा निकाल किती लोक वाचतात, आणि समालोचकाचा शब्द किती लोक ऐकतात, याचा विचार केला म्हणजे त्या आसनाची जोखीम ध्यानांत येते.

आतां अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेंत जाऊं. तेथील स्टॉक-कार शर्यतींत टोपणनांवाविना चालक म्हणजे शेंडीविना नारळ. सात वेळां अजिंक्यपद मिळविणारा डेल अर्नहार्ट हा तेथें 'इंटिमिडेटर', म्हणजे धाक घालणारा, या नांवानें प्रसिद्ध होता. पुढच्या गाडीला मागून ढोसून वाट काढण्याची त्याची रीत. त्याला हें नांव आवडे आणि त्याच्या टोप्या-सदऱ्यांचा मोठा व्यापारही चाले. त्याचा जुना प्रतिस्पर्धी डॅरेल वॉल्ट्रिप हा अतिशय बोलका. केल यारबरो या चालकानें त्याला 'जॉज', म्हणजे जबडा, असें नांव ठेवलें होतें. १९७५ च्या शार्क माशावरील बोलपटाचें तें नांव तेव्हां सर्वतोमुखीं होतें. हा जबडा २००० सालीं निवृत्त झाला आणि यथावकाश समालोचक झाला.

२००१ च्या फेब्रुवारीची १८ तारीख. डेटोनाची पांचशें मैलांची शर्यत शेवटच्या फेरींत आली होती. सर्वांत पुढें वॉल्ट्रिपचा धाकटा भाऊ मायकेल, त्यामागें अर्नहार्टचा मुलगा. दोघेही अर्नहार्टच्याच मालकीच्या संघाकडून धावत होते. तिसरा स्वतः अर्नहार्ट, मागच्यांना अडवून धरीत. चारशेंहून अधिक शर्यतींत ज्याला कधीं विजय मिळाला नव्हता तो भाऊ जिंकतांना पाहून वॉल्ट्रिप समालोचनाच्या खोलींतून ओरडून त्याला धीर देत होता. त्याच क्षणीं शेवटच्या वळणावर अर्नहार्टची गाडी भिंतीवर आदळली. भाऊ जिंकला, आणि आनंदाचे अश्रु वाळण्यापूर्वींच वॉल्ट्रिप विचारूं लागला, डेल कसा आहे? डेल बरा असावा एवढीच आशा आहे. अर्नहार्ट त्या अपघातांत वारला होता.

त्या वेळीं वॉल्ट्रिपच्या तोंडीं 'धाक घालणारा' आला नाहीं. इतकीं वर्षें टोप्यांवर छापलेलें, लाखों लोकांनीं घोषिलेलें तें नांव कोठच्या कोठें गळून पडलें आणि आईबापांनीं ठेवलेलें साधें 'डेल' तेवढें उरलें.

टोपणनांवाची कसोटी मला येथें सांपडते. ज्या नांवानें संकटांत, आजारपणांत किंवा निरोपाच्या वेळीं माणसाला हांक मारतां येते, तें नांव खरें. फँजिओचें 'फेंगड्या' या कसोटीस उतरतें, कारण तें देणारीं माणसें त्याचीं होतीं. 'आदळणारा' हें उतरत नाहीं. दवाखान्यांत खाटेशेजारीं उभें राहून तें कोण उच्चारूं शकेल?

समालोचकांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाहीं, आणि माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोंचणारही नाहीं. परंतु प्रत्येक घरांत एक समालोचक असतोच. कोणी काका असतात, कोणी आत्या असतात. घरांतल्या मुलांचें धावतें वर्णन त्यांच्या मुखीं अखंड चालूं असतें. एकदां परीक्षेंत नापास झालेला मुलगा 'ढ' ठरतो, अंधाराला एकदां भ्यालेली मुलगी 'भित्री भागूबाई' होते, आणि पाहुण्यांसमक्ष तीच ओळख दहा वेळां करून दिली जाते. मूल मोठें होतें, शिकतें, कमावतें, परंतु लग्नकार्यांत सारे जमले म्हणजे तें जुनें यमक पुन्हां वाजतें. घरांत टोपणनांवें अवश्य असावीं. त्यांच्यावांचून माया कोरडी वाटते. मात्र नांव ठेवण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं मुलाला ताप भरला असतां, मध्यरात्रीं त्याच्या उशाशीं बसून, त्याच नांवानें आपण त्याला हळूच हांक मारूं शकूं काय. उत्तर 'होय' असेल तर तें नांव खुशाल चालूं द्यावें. 'नाहीं' असेल तर तें आजच विसरावें. कारण आपण विसरलों तरी मूल विसरत नाहीं.