बर्फातल्या कुत्र्यांना आपल्या उन्हात मारू नका

सेंट बर्नार्ड किंवा हस्कीचं पिल्लू घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर कृपया थांबा. आगाऊ पैसे दिले असतील तरी थांबा. आणि असा कुत्रा घरात आधीच असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. उन्हाळा लागला की त्याच्या जिवाला रोज धोका असतो.

हे कुत्रे मूळचे कुठले, कशासाठी घडवलेले, हे विकणारा सांगत नाही. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर आल्प्समध्ये २४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड आहे. तिथल्या मठवासीयांनी सतराव्या शतकापासून हे धिप्पाड कुत्रे पाळले. बर्फात वाट चुकलेल्या वाटसरूला वासावरून हुडकून काढायचं, हे त्यांचं काम. १८०० साली जन्मलेल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक माणसं वाचवल्याचं सांगतात. हस्की ईशान्य सैबेरियातल्या चुकची लोकांचा, स्लेज ओढत मैलोन्‌मैल धावणारा. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस चालकांनी आणि सुमारे दीडशे स्लेज-कुत्र्यांनी आळीपाळीने धावून हजारावर किलोमीटरचं अंतर साडेपाच दिवसांत कापलं आणि औषध पोहोचवलं.

त्या थंडीत तगण्यासाठी त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत दाट लोकर, वर लांब राठ केस. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, तोही जेमतेम. शरीरातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य उपाय एकच, धापा टाकणं. मुंबईच्या दमट हवेत जिभेवरची ओल नीट सुकत नाही, त्यामुळे तो उपायही तोकडा पडतो. अकोला, चंद्रपूर, जळगावात पारा पंचेचाळिशीकडे गेल्यावर काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

‘आम्ही दिवसभर एसी लावू’ असं लोक मनापासून म्हणतात. वीज गेली की? आणि धावण्यासाठीच घडवलेल्या हस्कीला एका खोलीत कोंडलं, तर तो दारं ओरबाडतो, रात्रभर रडतो. मग शेजारी तक्रार करतात आणि कुत्रा ‘वाईट’ ठरतो. सेंट बर्नार्डचं वजन सत्तर किलोपर्यंत सहज जातं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर कोसळला, तर त्याला खाली कोण आणणार, याचा विचार पिल्लू घेतानाच करावा लागतो.

ज्यांच्या घरी असे कुत्रे आहेत त्यांना कळकळीची विनंती. फिरवणं सूर्योदयापूर्वी आणि रात्री उशिरा, मधे अजिबात नाही. डांबरी रस्त्यावर तळहात टेकून पाहा. तुम्हाला चटका बसत असेल तर त्याचे पंजे भाजतील. उन्हाळा आला म्हणून केस मुळापासून भादरू नका, त्याने कातडी उघडी पडते. रोज विंचरून गळणारी लोकर तेवढी काढा.

धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसतात, पाय लटपटतात, तर तो उष्माघात आहे. लगेच सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी कातडीपर्यंत मुरेल असं अंगभर ओता, पंखा लावा आणि पशुवैद्यकाकडे निघा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. कुत्रा उठून उभा राहिला तरी दवाखाना टाळू नका. मूत्रपिंडाची हानी नंतर दिसते.

मोठ्या, खोल छातीच्या सगळ्याच कुत्र्यांना, मग तो ग्रेट डेन असो की सेंट बर्नार्ड, आणखी एक जीवघेणा धोका असतो. पोट फुगून पिळा पडतो. कुत्रा ओकायला बघतो, पण काहीच बाहेर पडत नाही, पोट टणक होतं, तो एका जागी बसत नाही. सकाळची वाट पाहू नका. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो दगावतो. म्हणून जेवण दोन-तीन वेळा विभागून द्या आणि जेवल्यावर पळवू नका.

झेपत नाही म्हणून त्याला महामार्गावर सोडून येणारे लोक आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा गुन्हा आहे. सतत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे. २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने नोंदणी करणं बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवत नसेल त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

घरात कुत्रा हवाच असेल, तर याच हवेत वाढलेला आणा. गल्लीतलं एखादं पिल्लू लस टोचून घरी घ्या. मोकळी जमीन असेल तर दख्खनचा कारवान हाउंड आहे, आखूड केसांचा, याच उन्हात शिकारीमागे धावत आलेला.

आणि तुमच्याकडचा हस्की किंवा सेंट बर्नार्ड खरोखरच सांभाळणं शक्य नसेल, तर लाजू नका, पण त्याला रस्त्यावरही सोडू नका. तुमच्या पशुवैद्यकाला किंवा जवळच्या प्राणिकल्याण संस्थेला आजच फोन करा. एप्रिलपर्यंत थांबू नका.