शब्दांची शिदोरी : शिजणे, पिकणे, पचणे



आपल्या पिंगुळीत नाहीतर कुडाळच्या बाजारात रोज कानावर पडणारी तीन वाक्ये घ्या. ‘भात शिजलो’, ‘आंबो पिकलो’ आणि ‘फणस पचाक जड’. पहिले काम चुलीचे, दुसरे झाडाचे नि उन्हाचे, तिसरे पोटाचे. आपण तिन्हींना वेगवेगळे शब्द वापरतो. पण दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन शेतकरी या तिन्हींसाठी एकच क्रियापद वापरी. त्याच्या लॅटिन भाषेत ते होते ‘कोक्वेरे’. आज याच शब्दाची ओळख करून घेऊ. तो परका वाटला तरी आपल्या नात्यातला आहे.

रोममध्ये केटो नावाचा एक करारी पुढारी होऊन गेला. त्याने इ. स. पूर्व १६० च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिले. लॅटिन गद्यातले आज पूर्ण हाती असलेले सर्वांत जुने पुस्तक हेच. त्यात तो भाकरी करायची रीत सांगतो : पीठ मळा, थापा आणि मातीच्या झाकणाखाली भाजा. तिथे शब्द ‘कोक्वेरे’. काकडीचे धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवणाऱ्या आपल्या माउलींना ही रीत नव्याने शिकवायला नको. त्याच पुस्तकात चुन्याची भट्टी वाट्याने देण्याचा करार आहे. दगड आणि लाकूड मालकाने द्यायचे. लाकूड तयार करणे, चुना भाजणे नि बाहेर काढणे भट्टीवाल्याचे. त्या भाजण्यालाही शब्द ‘कोक्वेरे’च. विटा भाजणे, उन्हाने द्राक्षे पिकणे, पोटाने अन्न पचवणे, सारे त्यातच येई. इतकेच काय, शत्रू गुपचूप लढाईची तयारी करू लागला तरी रोमन माणूस म्हणे, ते लढाई शिजवताहेत. आपणही म्हणतोच की, ‘कट शिजला’.

आता नाते पाहा. संस्कृतात ‘पच्’ धातू आहे. ‘शिजवण्यासाठी’ याला संस्कृतात ‘पक्तुम्’ म्हणतात, तर लॅटिनचे तसलेच रूप ‘कोक्तुम्’. मूळ शब्द एकच. लॅटिनमध्ये सुरुवातीचा ‘प’ पुढच्या ‘क्व’च्या ओढीने बदलून गेला. हा अपघात नव्हे. आपल्या ‘पंच’ला लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’ म्हणतात, तिथेही तेच घडले आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात मांडले, ते अशाच साम्यावरून.

‘पच्’चा वंश आपल्या घरात सगळीकडे पसरला आहे. पाक, पक्वान्न, पचन हे उघडच. ‘पक्व’चे प्राकृतात ‘पिक्क’ झाले, त्यावरून आपले ‘पिकणे’ आले आणि शेतातले ‘पीक’ही. म्हणजे शेतातले पीक आणि ताटातले पक्वान्न ही सख्खी भावंडे. केस पिकतात, गळू पिकते, तेही त्यातलेच. माणूस अपमान पचवतो. लॅटिनमध्येही याच क्रियापदाला उपसर्ग लावून सोसण्याचा अर्थ येतो. आपले ‘शिजणे’ मात्र दुसऱ्या घरचे. ते संस्कृत ‘सिध्’वरून आले, म्हणजे सिद्ध होणे, तडीस जाणे. शिजलेला भात हा खरोखर सिद्ध झालेला तांदूळ!

लॅटिन शब्दाची लेकरेही आपल्याकडे आली. ‘बिस्कीट’ म्हणजे दोनदा भाजलेले. ‘टेराकोटा’ म्हणजे भाजलेली माती. शेजारच्या गोव्यात चार शतकांहून अधिक काळ राज्य केलेल्या पोर्तुगीजांचा स्वयंपाकघराचा शब्द ‘कोझिन्या’ हाही त्याच कुळातला.

आता तुम्ही म्हणाल, या शब्दांच्या कुळकथेचा बागायतदाराला काय उपयोग? उपयोग आहे. रोमनांच्या एका शब्दात आग, ऊन आणि पोट एकत्र होते. आपल्या मराठीने ही कामे वेगळी केली. त्याहून पुढे जाऊन ‘पिकणे’ आणि ‘पिकवणे’ असा भेदही ठेवला. आंबा आपला आपण पिकतो, आणि माणूस त्याला पिकवतोही. पिकवण्याची जुनी वाट म्हणजे अढी. तयार झालेला आंबा देठासकट काढावा, चीक निथळू द्यावा, गवतात थर लावून ठेवावा आणि अधूनमधून चाळून पिकलेला वेगळा करावा. फळातून आपोआप सुटणारा इथिलीन वायू बाकीचे काम करतो.

दुसरी वाट कॅल्शियम कार्बाइडची. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो, साल झटपट पिवळी होते, पण आत गर आंबट नि कच्चाच राहू शकतो. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही असतात. म्हणून फळे पिकवण्यासाठी त्याचा वापर कायद्याने बंद आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत ही बंदी आहे. खोलीत इथिलीन वायू मोजून सोडण्यास मात्र परवानगी आहे, तीही दहा लाख भागांत १०० भागांपर्यंतच.

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात आपला सिंधुदुर्गही आहे. नावाला मान मिळाला की जबाबदारीही येते. कार्बाइडची एक पेटी गिऱ्हाइकाच्या घरी उघडली, तर नाव एका बागेचे जात नाही, साऱ्या किनाऱ्याचे जाते. तेव्हा गिऱ्हाइकाने ‘पिकलेला की पिकवलेला?’ असे विचारले तर रागावू नका. ‘अढीत पिकवलेला’ असे दोन शब्दांत सांगा, आणि तसे सांगता येईल असाच माल पेटीत भरा.

आणि एक विनंती. आपल्या मालवणीतला ‘रांधप’ हा शब्द मुलांच्या तोंडून कमी होत चालला आहे. घरात तो बोलत राहा. चूल बदलून गॅस आला तरी शब्द बदलायचे कारण नाही.