भिसेगावकरांनो, अभ्यंगस्नानाआधी गिझर तपासा

पहाटेच्या लोकलसाठी उठणाऱ्या भिसेगावात गिझरचे बटण अंधारातच दाबले जाते आणि पुष्कळदा बंद करायचे राहून जाते. आंघोळ उरकून माणूस कर्जत स्टेशनाकडे धावतो. इकडे टाकीतले पाणी निवते, पुन्हा तापते, पुन्हा निवते. संध्याकाळी दार उघडेपर्यंत हा उद्योग चालू असतो आणि त्याचे पैसे महिनाअखेरीस बिलात येतात.

भिसेगावातील प्रत्येक घराने, सोसायटीने आणि शनिवार-रविवारी मुक्कामाला येणाऱ्या बंगलेवाल्यांनी कोजागरी ते धनत्रयोदशी हे दिवस पाणी तापवण्याच्या साधनांच्या तपासणीसाठी राखावेत, असे जाहीर आवाहन आहे. बहुतेक घरांना नवी खरेदी करावी लागणार नाही. आहे तो गिझर नीट राखला, वेळेवर बंद केला तरी बराच खर्च आणि त्याहून बराच धोका टळेल.

विजेचे मोल या तालुक्याला वेगळे सांगायला नको. शेजारच्या खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या ठोकळवाडी धरणाचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येते, भिवपुरीची यंत्रे फिरवते आणि पुढे पेज नदीला मिळते. त्याच पेजेवर कर्जतच्या नळांची भिस्त आहे. आता साधा हिशेब करावा. बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. तेवढी वीज पाण्यावर करायची तर भिवपुरीत जवळजवळ ३०० लिटर पाणी घाट उतरून यावे लागते. एक बादली कोमट करायला पंधरा बादल्या!

चौघांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर १.४ युनिट, महिन्याला ४२ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंतचा. तो ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर चढतो. काटकसरीने राहणाऱ्या कुटुंबाला हा उंबरठा ओलांडायला लावण्यात गिझरचा मोठा हात असतो.

विसरलेले बटण किती खाते, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. रात्री झोपताना फ्रिजसह सगळी उपकरणे बंद करून फक्त गिझर चालू ठेवावा आणि पाणी तापून तो आपोआप बंद पडला की मीटरचा आकडा लिहून घ्यावा. गरम पाण्याचा नळ न उघडता सकाळी पुन्हा आकडा पाहावा. मधला फरक म्हणजे कोणाच्याही आंघोळीला न लागलेली वीज. गिझरवरचे ऊर्जा दक्षता ब्युरोचे (बीईई) तारे याच गळतीवर ठरतात. फरक जास्त निघाला आणि गिझर जुना असला, तरच नव्याचा विचार करावा.

२००० वॉटच्या गिझरला १५ लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत नेण्यास १८ ते २० मिनिटे पुरतात. हे पाणी गार पाण्यात मिसळले की ४० अंशांचे ३५ लिटर होते, म्हणजे पावणेदोन बादल्या. घरातल्यांनी आंघोळी एकापाठोपाठ उरकाव्यात आणि पहिल्याच्या आधी वीस मिनिटे बटण दाबावे. रोजच्या वापराला थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या आसपास पुरतो. विसराळू घरांनी टायमर बसवून घ्यावा.

देखभालीत सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापले की फुगते. १५ लिटरच्या टाकीत ही वाढ सुमारे पेलाभर असते. ती वाट काढते म्हणून व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. ठिपकणे थांबावे म्हणून काही जण तिथे बूच मारतात किंवा चिंधी बांधतात. हे कधीही करू नये. थर्मोस्टॅट बिघडला आणि व्हॉल्व्हही बंद असला, तर टाकी फुटू शकते. थेंबांची जागा सतत धारेने घेतली, तर वायरमनला बोलवावे.

बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. कॉइल स्वतःच जास्त तापते आणि लवकर जळते. टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही असतो. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो आणि झिजून संपला की गंज टाकीला लागतो. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून क्षार काढावेत आणि रॉड पाहून घ्यावा. त्याच फेरीत वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवावा. गिझर १६ अँपिअरच्या प्लगवरच हवा, एक्स्टेन्शन बोर्डावर कदापि नाही.

बादलीतला रॉड वापरणाऱ्यांनी तो आधी पाण्यात बुडवावा, मग बटण दाबावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगही काढायला हवा. लहान मुले असलेल्या घरात रॉड लावून दुसऱ्या खोलीत जाऊ नये.

गॅस गिझरबाबत मात्र विनंती नाही, आग्रह आहे. बंद बाथरूममध्ये तो नकोच. एक किलो गॅस पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये साडेपाच घनमीटरही हवा नसते. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर येते आणि माणूस दाराची कडी काढण्याआधीच कोसळतो. मार्च २०२३ मध्ये होळीनंतर घाटकोपरला एक दांपत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले, तेव्हा संशय गॅस गिझरवरच गेला होता. गिझर उघड्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्यावा. हे तातडीने जमणार नसेल, तर बादली भरून गिझर बंद करावा, दार उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे.

महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या बंगल्यांत वेगळीच अडचण येते. गच्चीवरची टाकी कोरडी असताना गिझर सुरू केला तर कॉइल जळू शकते. म्हणून आधी गरम पाण्याच्या नळाला धार येते का ते पाहावे. साचलेले पाणी सोडून द्यावे आणि पहिल्या वेळी गिझरची टाकी ६० अंशांपर्यंत तापू द्यावी, कारण कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे त्यांनी सौरबंबाचा विचार जरूर करावा. कर्जतच्या पावसाळ्यात त्याच्यावर विसंबता येत नाही, पण दिवाळीपासून मेपर्यंत तो बहुतेक दिवस चोख काम देतो. नळ्यांवरची धूळ अधूनमधून धुवावी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान (कमाल ७८,००० रुपये) छतावरच्या वीजनिर्मितीसाठी आहे, सौरबंबासाठी नाही. विक्रेत्याने काहीही सांगितले तरी हे लक्षात असू द्यावे. तांब्याचा बंब अजून पेटवणाऱ्या घरांनी तो उघड्या परसात ठेवावा, लाकूड वाळलेले वापरावे आणि निखारे धुमसत असताना बंब घरात घेऊ नये.

सोसायट्यांच्या कमिट्यांनी एकच वायरमन ठरवून सगळ्या घरांची तपासणी ओळीने करून घ्यावी; एकेकट्याने बोलावण्यापेक्षा ती स्वस्तात पडेल. जिन्याखालच्या फलकावर तीन क्रमांक ठळक लिहावेत : महावितरण १९१२, गॅसगळती १९०६, रुग्णवाहिका १०८. ज्या घरांत वृद्ध माणसे एकटी राहतात तिथे शेजाऱ्यांनी स्वतःहून वायरमनला घेऊन जावे आणि कोणत्या घराचे काम झाले, कोणाचे राहिले, याची यादी धनत्रयोदशीच्या आत पुरी करावी.